भिंतीलाही कान असतात, बरं का!

जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात संपादकांचा मेसेज आला. ‘व्हॅलेंटाइन अंक. प्रेम, विरह, एकटेपणा. एक छानशी लघुकथा दे. शेवट गोड चालेल, पण फार गोड नको.’ खाली स्मायली आणि त्याच्याही खाली डेडलाइन.

खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. विषय अगदी घरचा! अडीच वर्षांचं माझं प्रकरण नोव्हेंबरात संपलं होतं. तेही समोरासमोर बसून, कॉफी थंड होऊ देत वगैरे नाही. व्हॉट्सअॅपवर. माझा शेवटचा मेसेज अजून तिथेच आहे, त्याच्यापुढे दोन निळ्या टिका आहेत, आणि बस्स. कोथरूडमधलं वन आरके, एका माणसापुरता कुकर, रविवारची न संपणारी दुपार. एकटेपणाचा कच्चा माल माझ्याकडे गोडाउनभर पडला होता. आता फक्त लिहायचं!

तीन ड्राफ्ट लिहिले. तिन्हींत नायिका खिडकीत उभी. तिन्हींत बाहेर पाऊस. जानेवारीत! तिसऱ्या ड्राफ्टमध्ये तिच्या हातातला कॉफीचा मग फुटला, तेव्हा मी लॅपटॉपच बंद केला.

नेमका तेव्हाच आईचा फोन आला. ‘‘गड्ड्याला येतेयस ना?’’

मी ‘हं’ म्हटलं. आईशी बोलताना मी बहुतेक वेळा ‘हं’च म्हणते. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये, दोन्ही हात कीबोर्डवर. ‘हं... हं... जेवले... हं, ठेवू?’ एवढा आमचा संवाद. हे ‘हं’ लक्षात ठेवा मंडळी, पुढे लागणार आहे.

नवरदेव नसलेलं लग्न

सोलापूरकरांना गड्डा म्हणजे काय ते सांगायला नको. पण माझ्याबरोबर हुरडा खायच्या आमिषाने ऑफिसातली एक मैत्रीण आली होती. ती नागपूरची. तिला हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये दौंडपासून कुर्डुवाडीपर्यंत सगळं समजावलं. संक्रांतीच्या सुमाराला ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. सिद्धराम बाराव्या शतकातले शिवयोगी. कन्नडमध्ये वचनं लिहिणारे, गावासाठी तळं खोदवणारे. यात्रेत उंचच उंच सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली माणसं ते पेलतात, आणि तळ्याकाठच्या संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात.

‘‘अक्षता? कुणाचं लग्न?’’ ती म्हणाली.

‘‘कळेल!’’

दुसऱ्या दिवशी गर्दीत उभी राहून ती टाचा उंचावून बघत होती. अक्षतांचा पाऊस पडला, शेजारच्या आजींनी डोळे मिटून हात जोडले, आणि ही माझ्या कानात विचारते, ‘‘नवरदेव कुठाय?’’

मग तिला गोष्ट सांगितली. सोलापुरातल्या प्रत्येक पोराने आजीकडून ऐकलेली. सांगणारा बदलला की तपशील थोडे इकडचे तिकडे होतात, पण गाभा हाच. एका कुंभाराची मुलगी सिद्धरामांच्या ध्यानाच्या जागेपुढे रोज सडा-रांगोळी करायची. करता करता तिचा जीव जडला. तिने लग्नाचं विचारलं. ते योगी, त्यांनी नाही म्हटलं. ती मागे हटेना. तेव्हा त्यांनी तिला आपला योगदंड दिला आणि त्याच्याशी लग्न लावायची परवानगी दिली. लग्न झालं आणि त्यानंतर तिने अग्नीत उडी घेतली. आज आपण ज्या अक्षता टाकल्या, त्या तिच्या लग्नाच्या. उद्या होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला साडी नेसवतील, मणी-मंगळसूत्र, बांगड्या घालतील आणि अग्नी देतील. ती पेंढी म्हणजे ती मुलगी.

मैत्रीण थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘‘म्हणजे वन-सायडेड.’’

‘‘अं... हो. तसंच.’’

‘‘आणि तुम्ही दरवर्षी तिच्या लग्नाला येता?’’

‘‘हो.’’

‘‘नाव काय तिचं?’’

आणि मी गप्प! लहानपणापासून ही गोष्ट ऐकतेय, पण मला ती कायम ‘कुंभारकन्या’ म्हणूनच भेटलेली. आजीने कधी नाव सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

संपादकांना हवी असलेली गोष्ट माझ्या गावात इतकी वर्षं सांगितली जातेय, हे मला तिथे, गर्दीत धक्के खाताना कळलं. प्रेम आहे, विरह आहे, एकटेपणा आहे. लांबी लघुकथेची. आणि शेवट गोड नाही.

अक्कांचा प्रश्न

मैत्रीण हुरडा खाऊन, शेंगा चटणीची दोन पाकिटं घेऊन पुण्याला परतली. मी राहिले. खरं तर रडायला राहिले. पुण्यात रडलं तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे दिसतात.

आमचं घर पूर्व भागात. जुनं, भिंतीला भिंत लागून. पलीकडे अक्का राहतात. तेलुगू घर, घरात तेलुगू, दारात मराठी, बाजारात दोन्ही. अक्का विड्या वळतात. मी शाळेत जायचे तेव्हाही वळायच्या, आताही वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्रीने कापलेली पानं, दोऱ्याची गुंडी. बोटं स्वतःच्या मनाने चालतात आणि अक्का सगळ्या जगाकडे बघत असतात.

मी मागच्या अंगणात तोंड पाडून बसले होते. भिंतीवरून आवाज आला.

‘‘काय पोरी, कधी आलीस?’’

‘‘परवा आले, अक्का.’’

‘‘म्हणूनच म्हटलं!’’ अक्का म्हणाल्या. ‘‘त्या गाडीवाल्याची गोष्ट अर्धीच राहिली बघ. त्याचं पोरगं मेलंय, तो सांगायला बघतोय, कोण ऐकेना. पुढं काय झालं? तू आलीस अन् वैनीनं वाचायचंच बंद केलं.’’

मला काही कळेना. कुठला गाडीवाला? कुणाचं पोरगं?

अक्कांनी हातातली विडी बांधली, सुपात टाकली आणि माझ्या अज्ञानाची कीव करत सगळं सांगितलं. आमची आई रोज रात्री साडेनऊच्या सुमाराला मोठ्याने गोष्ट वाचते. एकटीच. स्वयंपाकघरात बसून. स्वयंपाकघराची भिंत अक्कांच्या खोलीला लागून आहे. गेलं वर्षभर अक्का रात्रीच्या विड्या त्या भिंतीला टेकून वळतात.

‘‘टीव्ही लावत नाही मी त्या वेळेला,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘नातू ओरडतो. ओरडू दे.’’

‘‘आईला माहितेय?’’

‘‘मी कशाला सांगू? सांगितलं तर लाजंल अन् बंद करंल.’’

बाबा दीड वर्षापूर्वी गेले. त्यानंतर आई कशी आहे, हे मी तिला दर दोन दिवसांनी विचारत होते. ती ‘बरी आहे’ म्हणायची. मी ‘हं’ म्हणायचे.

भारनियमनाची देणगी

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी आईला सरळच विचारलं. ती आधी उठून ओटा पुसायला लागली. पुसलेलाच ओटा. मग म्हणाली, ‘‘तुला आठवतं का गं, लाइट जायचे ते?’’

आठवतं तर! आमच्या पिढीचं बालपणच भारनियमनात गेलं. तासन् तास लाइट नसायचे. टीव्ही बंद, पंखा बंद, अभ्यास बंद (हे छान होतं). बाबा इमर्जन्सी लॅम्प लावायचे आणि वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडायचे. आई भाकऱ्या थापायची आणि बाबा एक गोष्ट मोठ्याने वाचायचे. एकच. संपली की पुस्तक बंद. मी बहुतेक वेळा मध्येच झोपून जायचे. मला वाटायचं ते मला झोपवण्यासाठी वाचतात. ते आईसाठी वाचायचे, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं!

‘‘ते गेल्यावर पहिले दोन महिने टीव्ही चालू ठेवायचे,’’ आई सांगत होती. ‘‘पण टीव्हीतली माणसं आपल्याशी बोलत नाहीत. मग एक दिवस त्यांच्या कपाटातलं पुस्तक काढलं. मनातच वाचत होते. मध्येच आवाज फुटला. म्हटलं, फुटू दे. घरात कुणीतरी बोलल्यासारखं वाटतं. मग तो आवाज आपलाच का असेना.’’

मी तिला अक्कांचं सांगितलं.

‘‘अगंबाई!’’ आईचा हात तोंडावर. ‘‘सगळं ऐकलं? ‘कैरी’ वाचताना मी रडले होते की!’’

‘कैरी’ म्हणजे जी. ए. कुलकर्णींची कथा. एक पोरकं मूल मावशीकडे येतं. मावशीच्या स्वतःच्या संसारात ओलावा नाही, तरी ती त्या मुलाला जवळचं होतं नव्हतं ते सगळं देते. अमोल पालेकरांनी २००० साली त्यावर सिनेमाही केला. बाबांचे जी.ए. म्हणजे जीव की प्राण. कपाटात ‘पारवा’, ‘हिरवे रावे’, ‘काजळमाया’, ‘पिंगळावेळ’ असे सगळे ओळीने उभे.

कॉलेजात मास कॉम करताना जी.ए. आम्हाला ‘डार्क’ म्हणून माहीत होते. काळा गॉगल, सभा-समारंभांना न जाणारे, लग्न न केलेले, धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. ‘काजळमाया’ला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनवर्षावरून वाद निघाला, तर त्यांनी पुरस्कारच परत करून टाकला. एकदम कूल! एकटेपणाचा ब्रँड अॅम्बॅसिडरच जणू.

पण आईने कपाटाच्या खालच्या कप्प्यातून जी.एं.च्या पत्रांचे खंड काढून दाखवले, आणि माझ्या डोक्यातलं पोस्टर जरा हललं. माणसांपासून लांब राहणारा हा माणूस आयुष्यभर पत्रं लिहीत होता. लांबलचक, वाचलेल्या पुस्तकांबद्दल, माणसांबद्दल, स्वतःबद्दल. सुनीताबाई देशपांडे आणि त्यांचा तर मोठा पत्रव्यवहार. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेल्या पत्रांचं ‘प्रिय जी. ए.’ हे पुस्तकच आहे. घरातही ते अगदी एकटे नव्हते, मावसबहिणी सोबत होत्या. म्हणजे त्यांना गर्दी नको होती, पण ऐकणारं माणूस हवं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे काही आम्हाला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या फोनमध्ये सहाशे बारा कॉन्टॅक्ट आहेत. नोव्हेंबरातल्या त्या रात्री मी ती यादी वरपासून खालपर्यंत सरकवली आणि फोन ठेवून दिला.

आईचं नाव यादीत ‘आई’ म्हणूनच आहे. ‘अ’ आणि ‘इ’च्या मध्ये, म्हणजे अगदी वर. ते दिसलं होतं. पण पुढे सरकवलं.

चेकॉव्ह छाप विडी

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला अक्का सूप घेऊन आमच्या स्वयंपाकघरात! भिंतीपलीकडून नाही, दारातून. उंबऱ्याला टेकून बसल्या. आईने खूप आढेवेढे घेतले. ‘‘मला कुठे येतं असं कुणापुढे वाचायला?’’ अक्का म्हणाल्या, ‘‘वर्षभर कुणापुढं वाचत होता मग?’’ यावर आईकडे उत्तर नव्हतं. तिने चष्मा लावला आणि गाडीवाल्याची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.

ती गोष्ट अंतोन चेकॉव्हची. १८८६ सालची. बाबांच्या कपाटातल्या एका अनुवादित संग्रहात आहे. पीटर्सबर्गमध्ये बर्फ पडतंय. योना पोतापोव्ह हा म्हातारा घोडागाडीवाला गिऱ्हाइकाची वाट बघत बसलाय. त्याचा मुलगा याच आठवड्यात तापाने गेलाय. एक लष्करी अधिकारी गाडीत बसतो. योना मान वळवून सांगायला बघतो. अधिकारी एक प्रश्न विचारतो आणि मग डोळे मिटून घेतो. तीन दारू प्यायलेली तरुण पोरं बसतात. योना सांगतो, मुलगा गेला हो माझा. एकजण म्हणतो, सगळेच मरणार आहेत, हाक लवकर. रात्री मुक्कामाच्या जागी एक तरुण गाडीवाला पाणी प्यायला उठतो. योना त्यालाही सांगू लागतो, तोवर त्या पोराने पांघरूण ओढून घेतलेलं असतं.

योनाला काय हवंय? पैसे नकोत, सहानुभूतीची भाषणं नकोत. मुलगा आजारी कसा पडला, शेवटी काय म्हणाला, हॉस्पिटलातून त्याचे कपडे आणायला गेलो तेव्हा काय झालं, हे नीट, क्रमाने, कुणालातरी सांगायचंय. एवढंच.

शेवटी तो तबेल्यात जातो. घोडी गवत खात असते. योना तिच्यापाशी उभा राहतो आणि तिला सगळं सांगतो.

आईने पुस्तक मिटलं. अक्कांची बोटं कधी थांबली होती, कुणास ठाऊक. मी एवढी वर्षं त्यांना बघतेय, हातात अर्धी विडी घेऊन बसलेल्या अक्का मी पहिल्यांदाच पाहिल्या.

‘‘घोडी तरी होती,’’ त्या म्हणाल्या.

आईने मान हलवली.

आणि मी? मला त्या गोष्टीत मी सापडले होते. नोव्हेंबरपासून मी स्वतःला योना समजत होते. जगात माझं ऐकणारं कुणी नाही वगैरे. पण मी तर गाडीत बसलेली होते, मागच्या सीटवर! आई पुढून मान वळवून काहीतरी सांगायला बघतेय आणि मी ‘हं’ म्हणून डोळे मिटतेय. फोनवर तिने एकदा म्हटलं होतं, ‘‘आज त्यांचे चष्मे काढून ठेवले कपाटातून.’’ मी म्हटलं होतं, ‘‘हं. बरं केलंस.’’ मला डेडलाइन होती.

त्या चष्म्यांचं काय झालं, हे मी तिला त्या रात्री विचारलं. अक्का होत्या समोर, तरी विचारलं. आई बोलायला लागली ती साडेअकरापर्यंत. हॉस्पिटलातला शेवटचा आठवडा, बाबा काय म्हणाले, काय खावंसं वाटत होतं, घरी परत येताना रिक्षात कुठली पिशवी तिच्या मांडीवर होती. नीट, क्रमाने. अक्का विड्या वळत होत्या. मी काही टाइप करत नव्हते.

जाता जाता एक माहिती. गोष्टी ऐकत तंबाखूचं काम करणाऱ्या अक्का काही जगात एकट्या नाहीत. क्युबातल्या सिगार कारखान्यांत १८६५पासून कामगारांना वाचून दाखवणारा माणूस ठेवायची पद्धत सुरू झाली. तो उंचावर बसून वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचायचा आणि त्याचे पैसे कामगार आपल्या खिशातून द्यायचे. ‘मोंतेक्रिस्तो’ ही प्रसिद्ध सिगार ड्यूमाच्या कादंबरीच्या नावावरून आली, असं सांगतात. अक्कांना हे सांगितल्यावर त्या खूश! आता त्यांच्या सुपातल्या मालाला ‘चेकॉव्ह छाप’ म्हणायला काय हरकत आहे?

दंडाशी लगीन

मग माझी पाळी आली. ‘‘तू पण लिहितेस ना गोष्टी? वाच की,’’ अक्का म्हणाल्या.

मी नको नको म्हणत लॅपटॉप उघडला आणि तिसरा ड्राफ्ट वाचला. खिडकी, पाऊस, कॉफीचा मग आणि दोन निळ्या टिका. नायिका रोज रात्री तो मेसेज उघडून बघते. रोज. वाचता वाचता माझा आवाज कापायला लागला आणि नायिका कोण आहे ते दोघींनाही कळलं. आईने माझ्याकडे बघितलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. ‘हं’ तिकडूनही असतं, म्हणजे न सांगण्याचं.

अक्का मात्र सरळ मुद्द्यावर. ‘‘त्या पोरानं नाही म्हटलं ना?’’

‘‘हो. म्हणजे... म्हटलं नाही, पण हो.’’

‘‘मग झालं की. सिद्धरामानंही नाहीच म्हटलं होतं. पण ती देवाची गोष्ट. तू माणूस आहेस. तू त्या फोनशी लगीन लावून बसू नको.’’

मी एक क्षण बघतच राहिले. आणि मग आम्ही तिघी इतक्या हसलो, इतक्या हसलो, की पलीकडून नातवाचा आवाज आला, ‘‘अम्मम्मा, काय झालं?’’

तुम्हाला सांगते, ब्रेकअपवर मी नोव्हेंबरपासून पॉडकास्ट ऐकले, रील्स पाहिले, वपुंच्या नावाने फिरणारे फॉरवर्डही मनापासून वाचले. सगळ्यांचा फंडा एकच. मूव्ह ऑन! मागे वळून बघू नकोस! ग्रीक पुराणातल्या ऑर्फियसलाही हेच सांगितलं होतं. मेलेल्या बायकोला पाताळातून परत ने, पण बाहेर पडेपर्यंत मागे बघायचं नाही. त्याने बघितलं आणि ती गेली. जी.एं.नी या ऑर्फियसवरही कथा लिहिली आहे. इतक्या शतकांनंतर धारवाडच्या एका प्राध्यापकाला ती पुन्हा लिहावीशी वाटली, म्हणजे मागे वळून बघणं ही काही माझ्या पिढीची खोड नाही.

आणि जे पॉडकास्टला जमलं नाही, ते अक्कांना एका वाक्यात का जमलं? अक्का शहाण्या आहेत, हे तर आहेच. पण त्यांनी आधी पूर्ण गोष्ट ऐकून घेतली. खिडकी आणि पावसासकट. पॉडकास्टवाल्याने माझी गोष्ट ऐकली नव्हती.

मराठीत कथा नुसती छापली गेली नाही, ती सांगितली गेली. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार गावोगाव कथाकथन करत फिरायचे. वपु तर मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट, नोकरी सांभाळून कथाकथन करायचे, त्यांच्या कॅसेट घराघरांत होत्या. आपण वपुंची चार वाक्यं तेवढी कापून घेतली आणि स्टेटसला लावली. वाक्य एकट्याने वाचता येतं. गोष्ट ऐकायला मात्र बसावं लागतं.

पुण्याला परतताना मी आईसाठी मेघना पेठेंचं ‘हंस अकेला’ ठेवून आले. महानगरातली माणसं, त्यांची आडवीतिडवी नाती, एकटं राहण्यातलं सुख आणि त्यातलीच धास्ती. थोडी भीती वाटत होती, आईला झेपेल का म्हणून. चार दिवसांनी फोन आला, ‘‘ही बाई कुणाला घाबरत नाही गं! अक्का म्हणाल्या, मधलं थोडं हळू आवाजात वाचा, नातू जागा आहे.’’

तर संपादकांची कथा? ती काही मी लिहिली नाही. त्याऐवजी हा कॉलम. मधली व्यवस्था अशी आहे की दर रविवारी रात्री साडेनऊला मी पुण्यातून फोन लावते. फोन स्पीकरवर, ओट्यावर, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. एका रविवारी आई वाचते, एका रविवारी मी. हेडफोन लावला की मला पलीकडे अक्कांची कात्री ऐकू येते. कच्... कच्... आणि गोष्टीत काही गंभीर झालं की ती थांबते. मला समीक्षक म्हणून एवढं पुरतं.

गेल्या रविवारी माझी पाळी होती. मी कुंभारकन्येची गोष्ट लिहून काढली होती, ती वाचली. रांगोळी, नकार, योगदंड, अक्षता, अग्नी. संपली. तिकडे शांतता. कात्रीचा आवाज नाही.

मग अक्का म्हणाल्या, ‘‘सगळं बरोबर हाय पोरी. पण एक सांग. तिच्या आईचं पुढं काय झालं?’’

मी म्हटलं, ‘‘माहीत नाही, अक्का. गोष्टीत ते येत नाही.’’

‘‘मग लिही की.’’

लिहितेय. भेटू पुढच्या आठवड्यात. पण रविवारी साडेनऊला फोन करू नका हं, लागणार नाही!